कचारगडची गुंफा आणि भोवतालच्या डोंगरवाटा

वैनगंगेच्या खोऱ्यातील भंडारा जिल्हा महाराष्ट्राला परिचित आहे तो तलावांचा, धानाचा, पितळी भांड्यांचा आणि कोशाच्या कापडाचा जिल्हा म्हणून. डोंगरांचा जिल्हा म्हणून त्याचे नाव सहसा कोणी घेत नाही. तथापि या सपाट, पाणथळ प्रदेशाच्या कडेने सातपुड्याच्या लहानमोठ्या शाखा उतरलेल्या आहेत. उत्तरेस तुमसर तालुक्यात आंबागडच्या टेकड्या आहेत, मध्यभागी गायखुरीची रांग आहे आणि अगदी पूर्वेस, जेथे महाराष्ट्राची हद्द संपून छत्तीसगडची सुरू होते, तेथे दरेकशाचे डोंगर आहेत. या दरेकशाच्या डोंगरात कचारगडची गुंफा आहे.

१ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन गोंदिया हा नवा जिल्हा अस्तित्वात आला. त्या वेळी सालेकसा तालुका आणि त्याबरोबर कचारगड गोंदिया जिल्ह्यात गेले. कारभार वेगळा झाला, पण झाडीपट्टीचे जंगल, तिची बोली, तिच्या जत्रा आणि पायवाटा यांची वाटणी अशी एका दिवसात होत नाही. पवनी-साकोलीकडचा भाविक आजही माघ महिन्यात कचारगडला जातो, तो आपल्याच मुलखातील देवस्थानाला जातो, या भावनेने. म्हणून या लेखात जुना, अविभाजित भंडारा जिल्हा हीच सीमा धरलेली आहे.

लेणी नव्हे, गुंफा

महाराष्ट्रात गुंफा म्हटले की वाचकाच्या डोळ्यांसमोर अजिंठा, वेरूळ, कार्ले उभे राहते. ही माणसाने कोरलेली लेणी होत. राज्याचा बहुतांश भाग काळ्या बसाल्टने, म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर साचलेल्या लाव्हारसाने व्यापलेला आहे. उभ्या कड्यात आडवे, एकजिनसी थर असल्यामुळे हा पाषाण छिन्नीला चांगली साथ देतो. सह्याद्रीत लेण्यांची एवढी विपुलता असण्याचे एक कारण हे आहे.

परंतु या काळ्या पाषाणाचे साम्राज्य पूर्वेकडे नागपूरच्या आसपास संपते. नागपूरची सीताबर्डीची टेकडी बसाल्टची आहे, पण वैनगंगा ओलांडली की पायाखालचा खडक बदलतो. भंडारा व गोंदियाचे खडक त्याहून कितीतरी प्राचीन आहेत. तुमसरकडील टेकड्यांत मँगनीज सापडते आणि चिखला व डोंगरी बुजुर्ग येथील खाणी त्यावरच चालतात. दरेकशाच्या बाजूला ग्रॅनाइट, वालुकाश्म आणि भूवैज्ञानिक ज्याला ‘बिजली रायोलाइट’ म्हणतात तो कठीण ज्वालामुखीजन्य खडक आढळतो. बिजली हे याच भागातील एका गावाचे नाव. या खडकांचे वय दोनशे कोटी वर्षांहून अधिक आहे. अजिंठ्याचा डोंगर त्यांच्यापुढे अगदीच तरुण म्हणावा लागेल.

असा कठीण, भेगाळलेला खडक कोरण्यास अनुकूल नसतो. याचा अर्थ प्राचीन काळी येथे कलाकारागिरी नव्हती असा मात्र नव्हे. पवनी येथे १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ व भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी डॉ. शां. भा. देव आणि श्री. जगत्पती जोशी यांच्या नेतृत्वाखाली जे उत्खनन केले, त्यात भव्य बौद्ध स्तूप आणि कोरीव, लेखयुक्त स्तंभ उजेडात आले. येथील शिल्पी स्तूप उभारीत होते, डोंगर पोखरीत नव्हते. डोंगरातील पोकळ्या निसर्गाने घडविल्या. खडकाच्या सांध्यांत पाणी शिरावे, शतकानुशतके ते झिरपत राहावे, सुटलेले शिलाखंड ढासळावेत आणि कड्याच्या पोटात जागा होत जावी, अशा रीतीने कठीण खडकात गुंफा तयार होतात. त्यांत माणसाने काही भर घातली असेल, तर ती दगडाची नव्हे, कथेची.

कालीकंकालीची मुले

कचारगड हे गोंड समाजाच्या उत्पत्तिकथेतील स्थान आहे आणि कोया पुनेम मानणाऱ्यांचे ते महत्त्वाचे तीर्थक्षेत्र समजले जाते. येथे सांगितली जाणारी कथा थोडक्यात अशी आहे. माता कालीकंकालीची तेहतीस मुले अत्यंत उच्छृंखल होती. त्यांच्या उपद्रवाने त्रासून शंभूने त्यांना या गुंफेत कोंडले आणि दारावर प्रचंड शिळा लोटली. मुलांच्या विरहाने आई व्याकुळ झाली. तेव्हा जंगो रायतार आणि पारी कोपार लिंगो यांनी मुलांच्या मुक्ततेचा ध्यास घेतला. शस्त्राने शिळा हलेना. अखेरीस हिरासुका पाटालीर या वादकाने वाद्य छेडून गाणे आरंभिले. त्या सुरांनी आतील मुलांच्या अंगी असे बळ संचारले की, सर्वांनी एकदम जोर लावून शिळा ढकलली. मुले मोकळी झाली, पण शिळेखाली सापडून हिरासुकाचा अंत झाला. मुक्त झालेल्या मुलांना लिंगोने शिक्षण दिले, त्यांचे गण पाडले आणि समाजाची घडी बसविली.

या घडीचा व्यवहार आजही चालू आहे. गोंड कुळांची चारदेवे, पाचदेवे, सहादेवे व सातदेवे अशी विभागणी असते. सोयरीक जुळविताना पहिला प्रश्न विचारला जातो तो देवसंख्येचा, कारण एकाच गटातील कुळे परस्परांना भाऊबंद मानतात. गुंफेच्या दाराशी उभा राहणारा भाविक म्हणूनच पुराणातील एखादा प्रसंग आठवत नसतो. आपले आडनाव, आपले नाते आणि आपली लग्ने ज्या ठिकाणी ठरली, असे तो मानतो, ते ठिकाण तो पाहत असतो. संगीताने शिळा हलविणाऱ्या आणि त्यासाठी प्राण देणाऱ्या कलावंताला उत्पत्तिकथेत एवढे मानाचे स्थान देणारा समाज विरळाच, हेही येथे नमूद केले पाहिजे.

लिंगोची कथा सर्वप्रथम छापील स्वरूपात आली ती नागपूरमुळे. स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटिश मिशनरी १८४०च्या दशकात नागपुरास आले. ते नुसते धर्मोपदेशक नव्हते. मध्य भारतातील खडक आणि जीवाश्म यांचे ते व्यासंगी अभ्यासक होते आणि एका खनिजाला त्यांच्या नावावरून ‘हिस्लॉपाइट’ म्हणतात. वर उल्लेखिलेल्या नागपूर परिसरातील खडकांचा पहिला गंभीर अभ्यास त्यांनीच केला. प्रधान गायकांकडून त्यांनी लिंगोचे दीर्घ गीत उतरवून घेतले. ४ सप्टेंबर १८६३ रोजी शिलावर्तुळांचे संशोधन करून परतताना ओढ्याच्या पुरात त्यांचा मृत्यू झाला. मागे राहिलेली त्यांची टिपणे त्या वेळचे मध्य प्रांताचे चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल यांनी १८६६ मध्ये प्रसिद्ध केली.

त्या गीतात आणि कचारगडच्या आजच्या कथेत फरक आहेत, ते अभ्यासकांनी लक्षात घ्यावेत. हिस्लॉप यांच्या पाठात महादेव गोंडांना कोंडतो ती गुंफा धवलगिरीची आहे. तिच्या दाराशी राक्षसाचा पहारा आहे. कोंडले जाण्यातून वाचलेले चौघे ज्या ठिकाणी आश्रय घेतात, त्याचे नाव ‘कचीकोपा लाहूगड’ असे दिलेले आहे. ‘लोखंडाची दरी, तांबडा डोंगर’ असा त्याचा अर्थ तेथे सांगितला आहे. गोंडी भाषेत लोखंडाला ‘कच्ची’ म्हणतात. कचारगड हे नाव याच शब्दाशी आणि म्हणून कचीकोपा लाहूगडाशी समाजात जोडले जाते. मौखिक परंपरेत एका कथेची अनेक रूपे असणे स्वाभाविक होय. त्यांपैकी कोणते एक खरे, असा वाद घालण्यापेक्षा प्रत्येक रूप कोणत्या मुलखात सांगितले जाते, हे नोंदविणे अधिक उपयुक्त ठरेल. तेलंगणातील आसिफाबाद भागात, चंद्रपूर जिल्ह्याच्या सीमेलगत, जंगूबाईचे स्थानही एका गुंफेतच आहे आणि पौष महिन्यात तेथे महाराष्ट्रातून हजारो गोंड भाविक जातात. गुंफेतून सुटका ही कल्पना एका डोंगरापुरती नसून साऱ्या गोंडवनाची आहे.

कचारगडचे नाव गोंडवनाच्या बाहेरही पसरले ते १९८०च्या दशकापासून. गोंडी भाषेचे व्यासंगी डॉ. मोतीरावण कंगाली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या स्थानाचा शोध घेऊन त्याविषयी लिहिले. माघ पौर्णिमेच्या सुमारास भरणाऱ्या यात्रेला त्यामुळे व्यापक स्वरूप आले. आज महाराष्ट्रासह मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणा, ओडिशा, झारखंड येथून लोक येतात. २०११च्या जनगणनेनुसार गोंडी ही मातृभाषा सांगणाऱ्यांची संख्या सुमारे २९ लाख ८४ हजार होती आणि ती अनेक राज्यांत विखुरलेली आहे. या विखुरलेल्या समाजाची भेट होण्याची जी थोडी ठिकाणे आहेत, त्यांत कचारगड आहे. यात्रेत गोंगोची पूजा होते, सप्तरंगी ध्वज फडकतात, पारंपरिक वाद्ये वाजतात. पुस्तके आणि दिनदर्शिका यांची विक्रीही जोरात चालते. एखाद्या जत्रेत व्याकरणाचे पुस्तक विकत घेणारी माणसे पाहावयाची असतील तर येथे यावे.

आकाराचा दावा

‘आशिया खंडातील सर्वांत मोठी नैसर्गिक गुंफा’ असे कचारगडचे वर्णन फलकांवर आणि वृत्तपत्रांतून वारंवार केले जाते. त्याविषयी स्पष्ट लिहिणे आवश्यक आहे. व्हिएतनाममधील सोन डूंग या गुंफेचे पहिले सर्वेक्षण २००९ मध्ये झाले. तिचा भुयारी मार्ग जगात सर्वांत विशाल समजला जातो. बोर्निओ बेटावरील सारावाक दालन सुमारे ६०० मीटर लांब आणि ४०० मीटरहून अधिक रुंद आहे. ही दोन्ही स्थळे आशियातच आहेत. आपल्या देशात मेघालयातील चुनखडीच्या गुंफांची लांबी दहा-दहा कोसांच्या घरात जाते. तेथील क्रेम पुरी ही वालुकाश्मातील गुंफा २०१८ मध्ये जाहीर झालेल्या मोजणीनुसार सुमारे साडेचोवीस किलोमीटर भरली.

कचारगडची गुंफा या अर्थाने मोठी नाही आणि तसा दावा केल्याने तिचा सन्मानही वाढत नाही. उलट, विक्रम पाहण्यास आलेला माणूस तोंडाशी उभा राहून छायाचित्र घेतो आणि ‘एवढीच का?’ म्हणून परततो. गुंफेचे खरे स्वरूप निराळे आहे. ती लांबलचक भुयार नव्हे. कड्याच्या पोटातील ते एक उंच, प्रशस्त दालन आहे. तोंड रुंद असल्याने उजेड खोलवर पोचतो. छताला एक विवर आहे, त्यातूनही प्रकाश आत उतरतो. खडकातून पाणी पाझरते. शेकडो माणसे एका वेळी आत सहज सामावतात. वाद्य वाजले की त्याचा नाद छताला भिडून परत फिरतो. संगीताने शिळा हलल्याची कथा याच जागी का रुजली असावी, याची कल्पना तो नाद ऐकल्यावर येते.

धनेगावहून वर

मुंबई-हावडा लोहमार्गावर गोंदियाच्या पुढे सालेकसा आणि त्यानंतर दरेकसा ही स्थानके लागतात. या बाजूचा लोहमार्ग प्रथम १८८०च्या दशकाच्या आरंभी नागपूर-छत्तीसगड रेल्वे या नावाने, मीटर रुळांवर टाकण्यात आला. छत्तीसगडचे धान्य बाहेर नेणे आणि दुष्काळात ते हलविता येणे, हा त्यामागील प्रमुख हेतू होता. पुढे १८८७ मध्ये स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वे कंपनीने तो ताब्यात घेऊन रुंद केला. दरेकशाच्या डोंगरातून वाट काढताना या मार्गाला चढ आणि वळणे घ्यावी लागतात. प्रवाशाला खिडकीतूनच या प्रदेशाची पहिली ओळख होते.

गुंफेच्या पायथ्याचे गाव धनेगाव. दरेकसा स्थानकापासून ते पायी जाण्याच्या अंतरावर आहे. सालेकशाहून सडकेनेही जाता येते. गावाजवळ देवस्थाने आहेत आणि भाविक प्रथम तेथे पूजा करून मगच डोंगर चढतात. वाट आरंभी सपाट जंगलातून जाते. साग, ऐन, धावडा, बिजा, तेंदू, चार आणि बांबू ही येथील झाडे. फाल्गुनात पळस फुलतो आणि चैत्रात मोहाच्या फुलांचा सडा पडतो. पुढे खडकाळ चढ लागतो. उंची फार नाही, सराव नसलेला माणूसही थांबत थांबत वर जाऊ शकतो. लहान मुले आणि वयस्क यांना मात्र चढाच्या जागी हात देणारा सोबती असावा. मुख्य गुंफेखेरीज डोंगरात लहान गुंफाही आहेत आणि त्यांतील काही पूजास्थाने आहेत. गुरव, पुजारी किंवा गावातील जाणकार यांना विचारल्याशिवाय त्यांत शिरू नये.

डोंगर चढण्यास नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. मे महिन्यात या भागात तापमान ४५ अंशांपर्यंत जाते आणि खडक भट्टीसारखा तापतो. पावसाळ्यात डोंगर अतिशय देखणा दिसतो, परंतु शेवाळलेले दगड आणि अचानक भरणारे ओढे यांमुळे तो सर्वांत धोक्याचा काळ ठरतो. ज्या संशोधकाने लिंगोचे गीत टिपले, त्याचा बळी अशाच एका ओढ्याने घेतला, हे वर आलेच आहे.

अस्वल, आग्यामोहोळ आणि आग

शहरी पर्यटकाला जंगलात वाघाची भीती वाटते. झाडीपट्टीतील मोहफुले वेचणाऱ्या बायांना विचारले तर त्या अस्वलाचे नाव आधी घेतील. खडकातील कपारी हे अस्वलाचे विश्रांतिस्थान आणि मोहफूल हा त्याचा आवडता आहार. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे फुले पडतात, त्याच वेळी माणूस आणि अस्वल एकाच झाडाखाली येतात. अस्वलाला दूरचे नीट दिसत नाही. अकस्मात माणूस समोर आला की ते पळण्याऐवजी अंगावर येते. म्हणून या डोंगरात एकट्याने, पहाटे किंवा सायंकाळी फिरू नये. दोघा-चौघांनी आपसात बोलत चालावे. अनोळखी, अंधाऱ्या कपारीत डोकावून पाहण्याची हौस तर मुळीच करू नये.

दुसरा धोका आग्यामोहोळाचा. या मोठ्या मधमाश्या उंच कड्यांना आणि गुंफांच्या छतांना पोळी लावतात. धूर, उदबत्त्यांचा दाट वास, फटाके किंवा दगड यांनी त्या चवताळतात. धार्मिक स्थळी धूप जाळणे स्वाभाविक असले, तरी पोळे दिसत असेल त्या दिवशी संयम पाळणे सर्वांच्या हिताचे आहे.

आगीबाबत थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे. वनातील आगी पर्यटकांमुळेच लागतात असे नाही. मोहफुले दिसावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा जाळण्याची जुनी पद्धत आहे आणि ती ठिणगी अनेकदा हाताबाहेर जाते. त्यावर पाचोळा झाडून बाजूला करणे किंवा झाडाखाली जाळी अंथरणे हे उपाय सुचविले जातात. गावकऱ्यांना या गोष्टी सांगत असताना शहरातून आलेल्या मंडळींनी वाळल्या गवतात चूल मांडून भात शिजवावा, हे विसंगत आहे. शिदोरी घरूनच आणावी.

या सर्व प्रदेशावर दीर्घकाळ नक्षलवादी हालचालींची छाया होती, ही गोष्टही लपविण्याचे कारण नाही. दिवसाउजेडी जाणे, वनरक्षकाला किंवा गावच्या पोलीस पाटलाला आपण आल्याचे कळविणे आणि अंधारापूर्वी खाली उतरणे, हा येथील जुना शिरस्ता आहे. तो पाळल्याने काहीही बिघडत नाही.

हाजरा आणि सीमेपलीकडील दोन गुंफा

दरेकसा स्थानकाजवळच हाजरा धबधबा आहे. पावसाळ्यात आणि त्यानंतरचे काही आठवडे तो भरून वाहतो आणि रेल्वेगाडीतूनही दिसतो. त्याच्या या जवळिकीतूनच एक वाईट सवय निर्माण झाली आहे. वेळ वाचविण्यासाठी अनेक तरुण रुळांवरून चालत धबधब्याकडे जातात. हा देशातील अत्यंत वर्दळीचा लोहमार्ग आहे, वळणांमुळे गाडी ऐनवेळीच दिसते आणि धबधब्याच्या आवाजात तिची चाहूल लागत नाही. रेल्वे अधिनियम, १९८९ च्या कलम १४७ अन्वये रेल्वेच्या हद्दीत असे अनधिकृत फिरणे हा दंडाचा आणि कारावासाचाही गुन्हा आहे. धबधब्याकडे जाण्यास निराळी वाट आहे, तिनेच जावे. कुंडात उतरण्याचा मोह आवरावा, कारण खालच्या खडकाचा अंदाज वरून येत नाही.

गुंफा पाहू देणे आणि तिचे रक्षण करणे, या दोन गोष्टी एकत्र कशा साधाव्यात, याची दोन उदाहरणे सीमेपलीकडे छत्तीसगडात आहेत. ठाकुरटोल्याजवळील मंढीपखोल ही चुनखडीची गुंफा वर्षातून एकदाच, अक्षय्य तृतीयेनंतरच्या पहिल्या सोमवारी उघडली जाते. तेथे जाताना एकच ओढा अनेकदा ओलांडावा लागतो. हा नियम कोणत्याही खात्याने केलेला नाही, तो परंपरेचा आहे. बस्तरच्या कांगेर खोऱ्यातील कुटुमसर गुंफेची रीत वेगळी आहे. डॉ. शंकर तिवारी यांनी १९५०च्या दशकात तिचे सर्वेक्षण केले. तिच्या काळोख्या पाण्यात दृष्टी गमावलेले मासे राहतात. ही गुंफा पावसाळ्यात बंद असते आणि एरवी स्थानिक मार्गदर्शकाखेरीज आत जाता येत नाही. मार्गदर्शकाला रोजगार मिळतो, गुंफेला पहारा मिळतो आणि पर्यटकाला माहिती मिळते.

कचारगडला वर्षातील चार-पाच दिवस अलोट गर्दी होते आणि उरलेले दिवस गुंफेवर कोणाचीही नजर नसते. यात्रेच्या दिवसांत समाजाचे स्वयंसेवक असतात, पोलीस आणि आरोग्य कर्मचारी असतात. एरवीच्या रविवारी मात्र सहलीला आलेला गट वर काय करतो, हे पाहण्यास कोणी नसते. खडकावर कोरलेली नावे आणि फुटलेल्या बाटल्या बहुधा अशाच दिवशीच्या असतात. कुटुमसरच्या धर्तीवर धनेगावच्या तरुणांकडे वर्षभर मार्गदर्शनाचे काम आले, तर ही उणीव भरून निघेल. वनहक्क अधिनियम, २००६ ने ग्रामसभेला आपल्या क्षेत्रातील वने आणि सांस्कृतिक वारसा यांच्या रक्षणाचा अधिकार दिलेला आहेच. कोणत्या गुंफेत कोणी जावे, पादत्राणे कोठे काढावीत, छायाचित्र कोठे घेऊ नये, हे ठरविण्याचा पहिला मान ज्यांची ती देवभूमी आहे त्यांचाच असणे उचित होय.

आंबागडकडे

नागझिरा अभयारण्य १९७० मध्ये आणि नवेगाव राष्ट्रीय उद्यान १९७५ मध्ये घोषित झाले. २०१३ मध्ये या दोहोंसह आसपासची वने मिळून नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प झाला. तेथे ठरलेल्या वाहनातूनच फिरावे लागते, पायी हिंडण्याची मुभा नसते. ज्यांना चालण्याची आवड आहे, त्यांनी म्हणून भंडारा जिल्ह्याच्या उत्तरेकडील आंबागडची वाट धरावी.

तुमसरहून थोड्याच अंतरावर हा किल्ला एका झाडीभरल्या टेकडीवर आहे. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद याच्या काळात, १७००च्या सुमारास राजाखान पठाण याने तो बांधला. पुढे तो नागपूरकर भोसल्यांकडे आला. बुरूज आणि तटबंदी यांचे बरेच भाग अद्याप उभे आहेत. चढ सोपा असून निम्म्या दिवसात किल्ला पाहून उतरता येते. वरून तुमसरकडील धानाची बांधीबांधीची शेते आणि त्यांत चमकणारे तलाव दिसतात. याच डोंगररांगेत गायमुख हे झऱ्याचे ठिकाण आहे. महाशिवरात्रीला तेथे मोठी यात्रा भरते आणि एरवी वनराई शांत असते. किल्ला सकाळी आणि गायमुख दुपारी, असा क्रम सोयीचा पडतो.

आंबागडचा उपयोग भोसल्यांच्या काळात तुरुंग म्हणून होत असे. किल्ल्यातील विहिरीचे साचलेले पाणी पिऊनच कैदी मरत, अशी आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, वर पिण्यायोग्य पाणी मिळत नाही. प्रत्येकाने निदान दोन लिटर पाणी पायथ्यापासूनच बरोबर घ्यावे आणि रिकाम्या बाटल्या परत खाली आणाव्यात.